कळेपर्यंत चहा नाही

फोटो फ्रेमच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप जमतात. गिऱ्हाईक काउंटरवर फोटो ठेवतं आणि फ्रेम कुठली हवी हे सांगायच्या आधी फोटोतल्या माणसाबद्दल सांगायला लागतं. मी ऐकून घेतो. मला बोलायला जमत नाही, त्यामुळे ऐकायला बरं जमतं.

पण माझ्याकडचे सगळ्यात आवडते किस्से दुकानातले नाहीत. ते डोंबिवली पूर्वेला, बर्वे बाईंच्या हॉलमध्ये, रविवारच्या दुपारी जमलेत. परवा तिथे माझ्याबरोबर शिकणाऱ्या सायलीचा फोन आला. एका किश्श्यातून दुसरा निघत गेला आणि शेवटी ती म्हणाली, "दादा, हे सगळं लिहून ठेव. नाहीतर तात्या आपल्या नावावर खपवतील!"

म्हणून लिहितोय. तात्यांनी वाचलं तर माफ करावं.

*

आधी मी तिथे पोचलो कसा, ते सांगतो.

माझं कॉलेज अकरावीत सुटलं. बाबा गेले आणि मी ठाण्याला, खोपटच्या एसटी डेपोजवळ, पेडणेकर शेठच्या दुकानात लागलो. काही वर्षांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून बारावी. सगळ्यांनी सांगितलेलं, "कॉमर्सला मॅथ्स-स्टॅट्स घेऊ नकोस, दुसरा सोपा विषय आहे!" मी तरी घेतला. का घेतला विचारलं की मी सांगायचो, "चुकून टिक झालं." खरं कारण, मला तो विषय आवडायचा. पण नापास होणाऱ्या माणसाने असं बोलून कसं दाखवायचं?

बाकी सगळे विषय सुटले आणि हाच राहिला. लेखीत थोडक्यात गेलो आणि तोंडीत पूर्ण गेलो. आमच्या सेंटरवर तोंडीसुद्धा घेतात. सरांनी साधा प्रश्न विचारलेला. उत्तर येत होतं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिलो. सर म्हणाले, "पेपरवेटला येतंय का बघ, नाहीतर जा!"

त्यातच शेठनी सांगितलं की पुढच्या वर्षी दुकान बंद करून ते गावाला, लांज्याला जाणार. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये माझं काम होण्यासारखं होतं, पण तिथे बारावी पास पाहिजे. म्हणजे हा एक विषय सुटायलाच हवा होता.

तेव्हा बर्वे बाई दुकानात आल्या. नौपाड्यात बहिणीकडे आलेल्या, आणि त्यांच्या मिस्टरांचा फोटो फ्रेम करायचा होता. स्टॅटिस्टिक्सच्या प्राध्यापिका, रिटायर झालेल्या, हे आम्हाला काय माहीत! कटिंग टेबलाखाली माझं पुस्तक पडलेलं, ते त्यांनी बघितलं.

"हे कुणाचं?"

मी स्वतःकडे बोट केलं.

शेठ म्हणाले, "त्याचंच. नापास झालाय त्यात."

"अरे वा, छान!" बाई म्हणाल्या.

माझ्या नापास होण्याला आजवर कोणी छान म्हटलं नव्हतं.

"म्हणजे अजून शिकायचं शिल्लक आहे," बाई म्हणाल्या. "रविवारी दुपारी माझ्याकडे ये. फी नाही. फक्त येताना एक श्रोता घेऊन ये."

*

हा श्रोता म्हणजे बाईंची स्वतःची पद्धत. पहिला तासभर त्या शिकवणार. मग प्रत्येक मुलाने घरून आणलेल्या माणसाला तोच धडा समजावून सांगायचा. श्रोता असा हवा, की ज्याला विषयातलं काही येत नाही.

"तसा माणूस कुठे मिळणार, बाई?" आमच्यातल्या ओंकारने पहिल्या दिवशी विचारलं होतं म्हणे.

"अरे, प्रत्येकाच्या घरात असतो. आपण त्याला कधी काही सांगत नाही, म्हणून त्याला येत नाही."

श्रोत्याने "कळलं" म्हटलं की बाई त्याला एक प्रश्न विचारायच्या. उत्तर आलं तर ठीक, नाहीतर मुलाने परत सांगायचं. आणि शेवटच्या श्रोत्याला कळेपर्यंत चहा नाही! आतून आल्याचा वास यायचा, सगळं तयार असायचं, पण गॅस पेटायचा नाही.

आमच्यात ओंकार होता, तो आजोबांना घेऊन यायचा. तेच आमचे तात्या. सायली होती, हुशार, तिला पुढे स्टॅटिस्टिक्सच घ्यायचं होतं. ती तिच्या आईला, नयना काकूंना आणायची. आणि मी. माझी आई आम्ही राहतो तिथे, दिवा स्टेशनजवळ, पोळी-भाजी केंद्रात पोळ्या करते. रविवारी तिथे जास्त ऑर्डरी. त्यामुळे मी एकटाच जायचो.

*

नयना काकूंचा स्वभाव एकदम गरीब. कुणाला त्रास नको म्हणून त्या सगळ्यालाच मान डोलवायच्या.

एकदा सायलीने त्यांना मीन आणि मीडियन समजावलं. मीन म्हणजे सरासरी, आणि मीडियन म्हणजे सगळ्यांना उंचीने ओळीत उभं केलं तर बरोब्बर मधला. काकू पहिल्या वाक्यापासूनच मान डोलवत होत्या.

"कळलं?" बाईंनी विचारलं.

"हो, हो! छान सांगितलं हो!"

"मग सांगा, मीडियन म्हणजे काय?"

काकूंनी सायलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

"बाई, खरं सांगू? तात्यांना चहाची वेळ झालीय, म्हणून मला कळलं."

तात्या लगेच म्हणाले, "बघा! याला म्हणतात शिक्षण!"

*

तात्यांचं बरोबर उलटं. ते सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. समोरच्याचं ऐकायचं म्हणजे आधी त्याला विरोध करायचा, हे त्यांच्या हाडात.

ओंकारला सांगायचं होतं की एखादा आकडा फारच मोठा असला तर सरासरी फसवते.

"तात्या, समजा आपल्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या पगाराची सरासरी काढली. आता समजा, एक करोडपती राहायला आला."

"कुठे?"

"आपल्या बिल्डिंगमध्ये."

"कशाला?"

"कशाला म्हणजे... आला!"

"लिफ्ट नाही. पाणी एकच वेळ. पार्किंगमध्ये सेक्रेटरीची मोडकी स्कूटर. करोडपती तिथे कशाला मरायला येतोय?"

"तात्या, समजा ना!"

"त्याचं दिवाळं वाजलं असेल तरच येईल. मग तो करोडपती राहिला कुठे? तुझं गणितच चुकलं!"

ओंकार रडायच्या बेताला आला. बाईंनी चष्मा काढला.

"तात्या, त्या करोडपतीचं तुमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीशी लग्न झालंय. घरजावई म्हणून आलाय. आता ऐका."

"असं होय? मग आधी सांगायचं ना!" तात्या म्हणाले आणि निमूट ऐकायला लागले.

पण खरी मजा पुढे झाली. तात्यांच्या सोसायटीची मीटिंग होती, पाण्यावरून. सेक्रेटरी म्हणाला, प्रत्येक घर सरासरी इतकं इतकं पाणी वापरतं. तात्या ताडकन उभे राहिले.

"सरासरी चालणार नाही! एखादं घर जास्त पाणी वापरत असेल तर सरासरी फसवते! मीडियन काढा!"

सेक्रेटरी कंटाळून म्हणाला, "तुम्हीच काढा."

तात्या आठवडाभर घरोघरी फिरले. कोण किती बादल्या भरतं, विचारून आले. हिशोब ओंकारकडून करून घेतला. बरोब्बर मधलं घर निघालं सेक्रेटरीचं. आणि सगळ्यात जास्त पाणी वापरणारं घर निघालं तात्यांचं!

पुढच्या रविवारी ते आल्या आल्या बाईंना म्हणाले, "बाई, काही गोष्टी म्हाताऱ्या माणसांना शिकवण्याआधी विचार करत जा!"

*

आता माझं.

पहिल्या रविवारी मी एकटाच गेलो. ओंकारचं झालं, सायलीचं झालं. बाई माझ्याकडे वळल्या.

"महेश, तुझा श्रोता?"

मी खाली बघितलं. म्हटलं, आता घरी पाठवणार.

बाईंनी भिंतीकडे बघितलं. तिथे मीच केलेली फ्रेम होती. सागवानी पट्टी, आत बारीक सोनेरी किनार, आणि बाईंचे मिस्टर किंचित हसताना.

"ह्यांना सांग," बाई म्हणाल्या. "ह्यांना स्टॅटिस्टिक्समधलं ओ का ठो कळायचं नाही. मी संसारभर सांगत आले."

मी फोटोसमोर उभा राहिलो. पहिल्यांदा आवाजच फुटेना. पण एक बरं होतं, तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. काच बसवताना मी तो किती वेळा पुसलेला! मी हळूहळू सांगायला लागलो. सांगताना बोट फ्रेमच्या पट्टीवर फिरवत होतो. ओंकार हसेल असं वाटलेलं, पण तो हसला नाही.

माझं संपलं. बाईंनी फोटोला विचारलं, "काय हो, कळलं का?"

आम्ही सगळे फोटोकडे बघायला लागलो. तात्यासुद्धा!

बाई म्हणाल्या, "कळलं म्हणतायत. पण ते नेहमीच म्हणायचे, मला वाईट वाटू नये म्हणून. महेश, परत सांग."

त्यानंतर कित्येक रविवार मी त्यांनाच शिकवलं. बाकीच्यांचे श्रोते खोकायचे, जांभया द्यायचे, मध्येच बोलायचे. माझे फोटोतले सर एकदम शांत.

*

एकदा प्रोबॅबिलिटी चाललेली. सायली नाणं उडवून काकूंना सांगत होती.

"आई, आता तीन वेळा काटा आला. चौथ्या वेळी छापा यायचा चान्स वाढला का?"

"वाढणारच की! किती वेळा काटाच येणार?"

"नाही ना! नाण्याला आधीचं काही आठवत नसतं. प्रत्येक वेळी निम्मा-निम्माच चान्स."

काकू नेहमीसारखी मान डोलवायच्या थांबल्या. म्हणाल्या, "परत सांग."

सायलीने परत सांगितलं.

"म्हणजे दोन वेळा एकच झालं, म्हणून तिसऱ्या वेळी वेगळंच होईल, असं नसतं?"

"नसतं."

सायली ही तिसरी. तिच्यावर दोन बहिणी आहेत, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

"हे आमच्या सासूबाईंना कुणीतरी सांगायला हवं होतं," काकू म्हणाल्या. "ह्या वेळी नक्की मुलगा, नक्की मुलगा, म्हणून मला किती देवळं हिंडवली!"

बाईंनी हळूच विचारलं, "आधी कळलं असतं तर काय केलं असतंत?"

काकूंनी सायलीच्या डोक्यावरून हात फिरवला. "काही नाही हो. हीच हवी होती. फक्त उपास तेवढे कमी केले असते!"

त्या दिवशी बाईंनी काकूंना प्रश्न विचारला नाही. सरळ गॅस पेटवला.

*

एक छोटासा. बाईंचा आणखी एक नियम होता, उदाहरण स्वतःच्या घरातलं द्यायचं. पुस्तकातलं चालायचं नाही.

एक धडा आहे, क्वचित घडणाऱ्या घटना मोजायचा. ओंकारने पुस्तकातलंच दिलं, छापखान्यातल्या चुका. बाईंनी मान हलवली आणि मला विचारलं.

मी म्हटलं, "आमच्या दिव्यात नळाला पाणी येणं."

तात्या उठून उभे राहिले आणि माझ्याशी शेकहँड केला. म्हणाले, "आणि मी मूर्ख, डोंबिवलीत राहून तक्रार करतो!"

*

शेवटी एकदा शेठ आले. दुकान रविवारी दुपारनंतर बंद असतं. मी सांगितलं नव्हतं, बाईंनीच फोन करून बोलावलं.

शेठना ऐकायची सवय नाही. दुकानात गिऱ्हाईक मला काही विचारतं आणि उत्तर शेठ देतात. तिथेही तेच. बाईंनी मला विचारलं, "आज काय सांगणार?" तर शेठ म्हणाले, "कोरिलेशन सांगणार तो. काल वाचत होता!"

कोरिलेशन म्हणजे दोन गोष्टी एकमेकींबरोबर कशा वाढतात किंवा कमी होतात, ते. पण बरोबर वाढल्या म्हणून एक दुसरीचं कारण असते असं नाही. मला हेच सांगायचं होतं. फोटोकडे एकदा बघून घेतलं आणि सुरुवात केली.

"शेठ, पितृपक्ष आला की आपल्याकडे जुन्या फोटोंच्या फ्रेमा वाढतात."

"वाढतात. चांगला सीझन असतो."

"त्याच दिवसांत बाजारात गवारही महागते."

"महागते तर! हात लावू देत नाहीत."

"मग फ्रेमा जास्त विकल्या म्हणून गवार महागली, असं म्हणायचं का?"

"म्हणायचं!" शेठ ठामपणे म्हणाले. "लोक फोटोवर खर्च करतात, मग भाजीवाला म्हणतो, आपल्यालाही द्या!"

"नाही शेठ, तसं नाही," मी म्हटलं.

शेठचं तोंड उघडंच राहिलं. मी पुढे सांगत गेलो, की दोन्हीचं कारण तिसरंच आहे. श्राद्ध असतं, म्हणून फोटोही लागतो आणि गवारीची भाजीही लागते.

"शेठ, कळलं का?" बाईंनी विचारलं.

"गवारीचं कळलं," शेठ म्हणाले. "पण बाई, हा मला 'नाही' म्हणाला! मी चुकीचं माप दिलं तरी हा गपचूप पट्टी कापून मोकळा व्हायचा. मग दोघं मिळून नवीन कापायचो! आज म्हणाला, तसं नाही!"

"राग आला का?"

शेठनी खिशातून रुमाल काढला आणि उगाच मान पुसली.

"राग कसला! आता मी गावाला जायला मोकळा झालो."

*

एवढं सगळं होऊनही मला तोंडीची भीती होतीच. ओळखीच्या माणसांसमोर बोलणं वेगळं आणि परीक्षकासमोर वेगळं. म्हणून बाईंनी खोटी तोंडी परीक्षा ठेवली. परीक्षक कोण? तात्या!

तात्यांनी काम फारच मनावर घेतलं. डोंबिवलीच्या त्या उकाड्यात कोट घालून आले. मी दार वाजवून आत आलो तर म्हणाले, "बसा," आणि कोटाची बटणं एकेक करून लावली. मला नुसतं रोखून बघितलं. मग ओरडले, "स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे काय?"

मला येत होतं. सरासरीपासून माणसं किती लांब-लांब पांगलीत, ते. फोटोला मी ते इतक्या वेळा सांगितलेलं! पण तात्यांचा कोट, ती बघण्याची तऱ्हा... माझी नजर टेबलावर गेली. पेपरवेट नव्हता, बाईंच्या चष्म्याची डबी होती. मी डबीकडे बघत बसलो.

सायली दाराआडून हातवारे करत होती. तात्यांच्या कपाळावर घाम. एकदम ते टेबलावरून पुढे वाकले आणि माझ्या कानात म्हणाले, "अरे, पांगापांग! पांगापांग सांग!"

"तात्या!" बाई आतून ओरडल्या. "परीक्षकच कॉपी पुरवतोय?"

"मग काय करू? पोरगं रडेल हो!"

"तुम्ही नापास!"

तात्यांनी कोट काढला आणि माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "चल, दोघं मिळून परत बसू."

सगळे हसले, मीही हसलो. पण जिना उतरताना मी उरलेले दिवस मोजले. परीक्षा अगदी तोंडावर आलेली आणि मी होतो तिथेच होतो.

*

खऱ्या तोंडीचं सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला उगाच ताण नको.

परीक्षक ह्या वेळी एक तरुण मॅडम होत्या. शेजारच्या टेबलावर दुसरे एक सर बसलेले. मॅडमनी विचारलं, "इंडेक्स नंबर म्हणजे काय, थोडक्यात सांगा."

मी टेबलाकडे बघितलं. मग मान वर केली आणि सुरू झालो. महागाई मोजायचा तो आकडा, पण थोडक्यात काही सांगितलं नाही. तांदूळ सांगितला, तेल सांगितलं, मॅडमचं पेन आणि खडूचा डबा शेजारी-शेजारी ठेवून दाखवला. किती बोललो देव जाणे. संपलं आणि सवयीने तोंडातून गेलं,

"कळलं का? नाहीतर परत सांगतो."

वर्गाबाहेर बसलेल्या पोरांपर्यंत ऐकू गेलं असणार. मला वाटलं, संपलं! परीक्षकाला कोणी असं विचारतं का?

मॅडमनी खाली मान घालून मार्क लिहिले. मग शेजारच्या टेबलाकडे बघून म्हणाल्या, "मला कळलं. पण सर, तुम्ही ऐका एकदा. जा, सरांना परत सांग."

पास झालो. लेखीतही झालो. तात्यांनी निकाल ऐकून विचारलं, "पांगापांग विचारलं का?" नाही विचारलं म्हटल्यावर फार हिरमुसले.

*

शेवटचा किस्सा त्या परीक्षेच्या आधीच्या रविवारचा. मुद्दाम मागे ठेवलाय.

त्या दिवशी पोळी-भाजी केंद्राचा गॅस संपला आणि आईला अचानक सुट्टी मिळाली. म्हणाली, "मी येते तुझ्या बाईंकडे." लग्नाकार्यात नेसायची साडी नेसली. घाईघाईत नारळाच्या वड्या थापल्या, त्या डब्यात घेतल्या.

बाईंना फार आनंद झाला. त्यांनी आईला पंख्याखाली बसवलं.

"घरी बोलतो का हो हा?"

"बोलतो ना!" आई म्हणाली. "'चावी दे' म्हणतो. 'येतो' म्हणतो. 'झोपलो' म्हणतो."

"झोपल्यावर?" तात्यांनी विचारलं.

"त्याचे बाबा होते तेव्हा खूप बोलायचा," आई म्हणाली, आणि वड्यांचा डबा उघडायला लागली.

धडा होता इंडेक्स नंबरचा, म्हणजे महागाई किती वाढली हे एका आकड्यात कसं सांगायचं. मी आईसमोर बसलो. म्हटलं, "आई, मागच्या वर्षी तांदूळ काय भावाने होता, तेल काय भावाने होतं, कोथिंबीर काय भावाने होती, ते घ्यायचं. यंदाचं घ्यायचं. पण नुसती बेरीज नाही करायची. घरात तांदूळ-तेल जास्त लागतं, म्हणून त्यांना वजन जास्त. कोथिंबीर जराशी लागते, तिला कमी."

आई कान देऊन ऐकत होती.

"कळलं?"

"नाही रे. नाही कळलं."

मी दुसरं उदाहरण घेतलं, चहा-साखर आणि केशराचं. आईने मान हलवली. "अंहं."

मग दुकानातलं घेतलं, काच, पट्टी आणि खिळे. उभा राहिलो. हातवारे केले. बाईंच्या कपाटातले डबे काढले, मोठा डबा, छोटा डबा, ओळीत मांडले. घाम आला. आई गालावर हात ठेवून बघत होती.

"आता?"

"थोडं-थोडं. परत सांग ना."

तात्यांनी स्वयंपाकघराकडे बघून सुस्कारा सोडला. "वहिनी, चहाची वेळ..."

"थांबा हो तात्या," आई म्हणाली. "पोरगा सांगतोय."

तात्यांनी मुकाट्याने एक वडी उचलली. त्यांनी विरोध न करता ऐकलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

मी परत सांगितलं. ह्या वेळी एक विनोदसुद्धा केला, तोसुद्धा तात्यांवर. ओंकार खदखदून हसला. सांगून झालं आणि मी बाईंकडे बघितलं. बाई आईकडे बघत होत्या. आईने एकदा बाईंकडे बघितलं आणि लगेच पदर सारखा केला.

बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "महेश, मलाही नीट नाही कळलं रे. पहिल्यापासून सांग बघू."

सगळा जन्म तो विषय शिकवलेली बाई! मी पहिल्यापासून सांगितलं.

मग आई म्हणाली, "आता कळलं." बाईंनी गॅस पेटवला तेव्हा बाहेर दिवे लागत होते.

दिवा स्टेशनला उतरून आम्ही भाजी घ्यायला थांबलो. आईने कोथिंबिरीचा भाव विचारला.

"मावशी, सगळंच महाग झालंय!" भाजीवाला म्हणाला. "कोथिंबीरच बघा ना!"

"कोथिंबिरीवरून सगळं महाग झालं कसं म्हणतोस?" आई म्हणाली. "घरात कोथिंबीर लागते किती, न् तांदूळ-तेल लागतं किती? जे जास्त लागतं त्याला जास्त वजन द्यायचं. मग सांगायचं, महाग झालं का ते."

भाजीवाला बघतच राहिला. मीही.

"आई, हे तांदूळ-तेलाचं तर मी अगदी पहिल्यांदा सांगितलेलं. नंतर सगळी दुसरी उदाहरणं दिली."

"हो."

"म्हणजे तुला तेव्हाच कळलेलं?"

"तेव्हाच."

"मग एवढ्या वेळा 'नाही कळलं' का म्हणालीस?"

आईने कोथिंबिरीची जुडी उचलली, पाणी झटकलं आणि पिशवीत टाकली.

"चल, उशीर होतोय," ती म्हणाली. "पुढचा धडा जेवताना सांग. न् सावकाश सांग. मला लवकर कळत नाही."